न शिकवलेला शब्द

परवा माझी भाची तिचा नवा फोन घेऊन नवनगरला माझ्याकडे आली. त्यात म्हणे कुठल्याही भाषेत बोला, लगेच दुसऱ्या भाषेत ऐकू येतं. "मावशी, तू तर आयुष्यभर हेच केलंस, आता बघ," म्हणाली आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी माझ्या ठेवणीतल्या दोन मराठी शिव्या दिल्या. फोननं त्या कन्नडमध्ये सुनावल्या, त्यासुद्धा बातम्या दिल्यासारख्या, न अडखळता. भाची हसून लोळली. मी पण हसले, पण नंतर दिवसभर अण्णांची आठवण येत राहिली. अण्णांना हा फोन पसंत पडला नसता. ते म्हणाले असते, "ह्याच्या मनाला काही लागतच नाही, मग ह्यानं सांभाळलं काय?"

अण्णा म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. आमच्याकडे वयानं मोठ्या, मानाच्या माणसाला अण्णाच म्हणतात. ते धारवाडच्या कोर्टात दुभाषी होते. अळणावरच्या बाजूची मराठी खेडी, तिथली माणसं साक्ष द्यायला यायची. बाजारात कन्नड सगळेच बोलतात, पण पिंजऱ्यात उभं राहिलं की माणूस आईच्या भाषेत बोलतो. ती साक्ष कन्नडमध्ये साहेबांना सांगायची आणि साहेबांचा प्रश्न मराठीत साक्षीदाराला, हे अण्णांचं काम. त्यांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा आपल्यामागे कोणीतरी हवं म्हणून त्यांनी मला धरलं. मी तेव्हा चाळिशीच्या आसपास, धारवाडात शिकवण्या घेत होते. घरात मराठी, शाळा कन्नड, आणि तोंड पहिल्यापासून फटकळ. "तुझी जीभ चालते, आता ती दुसऱ्यासाठी चालव," असं म्हणून त्यांनी मला कामाला लावलं.

दर रविवारी सकाळी मी माळमड्डीला त्यांच्या घरी जायची. घरात दोघंच, अण्णा आणि वहिनी. पुढच्या पडवीत एक लाकडी टेबल होतं. अण्णा स्वयंपाकघरातून हाताला येईल ते आणून त्यावर मांडायचे. विळी, पाट, केरसुणी, अडकित्ता, चाळणी. ते बोट दाखवतील त्या वस्तूचं नाव मी कन्नडमध्ये सांगायचं. विळी म्हणजे ईळिगी, पाट म्हणजे मणी, केरसुणी म्हणजे कसबरगी. हे काय, पहिलीतलं पोरसुद्धा सांगेल, असं मला पहिल्या दिवशी वाटलं. मग "कोर्टात काहीही कानावर पडेल, जीभ अडता कामा नये," म्हणत अण्णांनी वहिनींना हाक मारली.

वहिनी शेंगा निवडत कोपऱ्यात बसायच्या आणि मी बोलायला तोंड उघडलं की त्याच क्षणी मराठीत एक शब्द टाकायच्या. "खुर्ची," "गूळ," "पिशवी," असल्या शब्दांनी माझं काही बिघडत नव्हतं. पण मध्येच एकदम त्या म्हणायच्या, "प्रेत!" आणि समोर चाळणी असूनही माझी जीभ क्षणभर टाळ्याला चिकटायची. चाळणी म्हणजे जरडी, तो शब्द तोंडात असायचा, पण बाहेर यायचा नाही. "मुडदा!" "साप!" "कावीळ!" "सटवी!" वहिनींना तर हा खेळ फारच आवडला होता. एरवी त्या बाई इतक्या सोवळ्या बोलायच्या की मांजरालासुद्धा अहोजाहो करतील. पण रविवारी त्यांच्या तोंडून असे एकेक शब्द निघायचे की मी म्हणायची, "वैनी, हे कुठं शिकलात हो?" त्या पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "नळावर."

मी चिडायची. कान बंद करायचा प्रयत्न करायची. पुढचा शब्द येणार म्हणून दात आवळून बसायची, तेव्हा तर आणखीच घोटाळा व्हायचा. विळीला कसबरगी म्हणायची.

"तंगी," अण्णा म्हणायचे. धाकट्या बहिणीला कन्नडमध्ये तंगी म्हणतात, मला ते तसंच बोलवायचे. "शब्दाशी कुस्ती नको खेळू. आला तर येऊ दे की त्याला. हाकलायला गेलीस की तो जास्त चिकटतो. तू विळी बघ. पात्याला कुठं गंज आलाय, कुठं बारीक खाच पडलीय, तेवढं बघ. डोळे कामात गुंतले की कान आपोआप गप्प बसतात."

मला ते खरं वाटलं नाही. पण दोन-तीन महिन्यांत जमायला लागलं. शब्द ऐकू यायचा, पण मी चाळणीची फाटलेली जाळी बघत असायची आणि जरडी हा शब्द वेळेवर बाहेर पडायचा. वहिनी हिरमुसायच्या. "हिला आता काही होईना हो," म्हणायच्या, आणि मग आत जाऊन माझ्यासाठी चुरमुऱ्यांचं गिरमिट करून आणायच्या. कांदा, चिंचेचा कोळ, वर शेव. त्या पडवीतल्या रविवारांइतकं सुख मला नंतर कुठं मिळालं असेल असं वाटत नाही. तेव्हा मात्र मी उशीर होतोय म्हणून सारखी घड्याळ बघायची, मूर्खासारखी.

कोर्टात विळी-चाळणी कुठून आणणार? तिथं अण्णांनी दुसरी सवय लावली. कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, कुठं, कितीदा. "ह्या चार खुंट्या. वाक्य आलं की त्यांच्यावर टांग. आणि एक लक्षात ठेव, शिवी साखरेत घोळून द्यायची नाही. शपथ काय घेतो आपण? न वाढवता, न घटवता. आणि साक्षीदार 'मी' म्हणाला तर तूही 'मी'च म्हणायचं. ती असं म्हणते, तो असं सांगतो, असलं मध्ये घालायचं नाही. तू तिथं नाहीसच." हे दुसऱ्यासाठी 'मी' म्हणण्याचं प्रकरण सुरुवातीला अवघड गेलं. पण तेही अंगवळणी पडलं. एकदा बांधाच्या भांडणात एका आजोबांनी चुलतभावाच्या सात पिढ्या उद्धरल्या. मी एकेक पिढी शांतपणे कन्नडमध्ये उतरवून दिली. टायपिस्ट खाली मान घालून हसत होता. त्या दिवशी अण्णा मागच्या बाकावर येऊन बसले होते. त्यांना नीट ऐकू आलं नसणार, पण माझा चेहरा बघून ते खूश झाले.

माझी फजिती झाली ती त्यानंतर दोनेक वर्षांनी.

अळणावरजवळच्या एका खेड्यातली मुलगी होती, सत्ताविशीची. कलघटगीच्या बाजूला शेतकऱ्याच्या घरी दिलेली, तेही मराठीच. सहा वर्षांनी ती सासर सोडून माहेरी आली होती. नवऱ्यानं अर्ज केला होता की बायकोला परत नांदायला पाठवा. ती म्हणत होती, मी जाणार नाही. परत जायचं की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो तिच्या त्या दिवसाच्या साक्षीवर ठरणार होता. कारण तिच्या अंगावर मारल्याची खूण नव्हती, शेजारी कोणी बोलायला तयार नव्हतं. तिच्याकडे होतं ते फक्त तिचं सांगणं.

ती चांगली बोलत होती. "मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. खोटं कशाला बोलू?" मी सांगत गेले. मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. मग ती म्हणाली, "पेरणीच्या दिवशी बियाण्याच्या पाटीला मला हात लावू देत नव्हते. सगळ्या जावा पाट्या उचलायच्या, मी गोठ्याच्या दारात उभी. सासू सगळ्यांदेखत म्हणायची, हिचा हात लागला तर रान पडीक पडंल. रोज मला वांझ म्हणायची. नाव घेऊन हाक मारलीच नाही मला सहा वर्षांत."

आता मला इथं सांगायला हवं की मलाही मूल नाही. त्याचा गवगवा मी कधी केला नाही. "काही विशेष?" असं कोणी विचारलं की "हो, आज भरली वांगी," असं सांगून मी पुढे निघायची. नवऱ्यानंही कधी शब्दानं दुखवलं नाही. माझं असं मत होतं की ती गोष्ट मी केव्हाच गिळून टाकली आहे. पण तो शब्द त्या मुलीच्या तोंडून आला आणि मला काही दिसेनाच. ना पिंजरा, ना ती मुलगी. दिसत होते आमच्या नात्यातल्या एका बारशाला माझ्या हातून घाईनं काढून घेतलेलं कुंचीतलं बाळ आणि ते घेणारीचे हात. आणि पुढे वाक्य होतं ते 'मी' म्हणून सांगायचं होतं. रोज मला वांझ म्हणायची.

माझ्या तोंडून कन्नडमध्ये निघालं, "मला मूल झालं नाही असं सासू म्हणायची." मक्कळागिल्ल. साधं, सभ्य, कोणाच्याही कानाला न टोचणारं. एका क्षणात झालं ते. मला वाटलं, अर्थ तर तोच आहे.

साहेबांनी ते टायपिस्टला सांगितलं. बियाण्याचं आणि रानाचं मी बरोबर सांगितलं होतं, पण नवऱ्याचा वकील नेमका मी बदललेल्या वाक्यावर उठला. "मूल झालं नाही असं सासू म्हणायची. खरं तेच म्हणायची ना? दुःखानं म्हणत असेल. यात छळ कुठं आला? बाकी सगळा जुन्या माणसांचा समज." मुलीचा वकील नवखा होता, कन्नड घरचा, कागद चाळत होता. त्याला काही कळलं नाही. मुलीनं मात्र माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

साक्ष संपली की ती साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची असते. मग बरोबर आहे असं म्हणून तो सही करतो. मी कागद हातात घेतला आणि मराठीत सांगत गेले. त्या वाक्याशी आले. "मला मूल झालं नाही असं सासू म्हणायची."

"अक्का," ती हळूच म्हणाली, "मी असं नाही बोलले. कन्नड कळतंय की मला, बाजारात तेच बोलतो आमी. तुमी शब्द मऊ केलासा."

हे ती रागानं म्हणाली नाही. तेच जास्त लागलं. जणू तिला सवयच होती, तिचं म्हणणं कोणीतरी मऊ करून घेण्याची.

त्यातून सुटायची एक सोपी वाट होती. साहेब, साक्षीदार आता एक दुरुस्ती सांगते आहे, असं मी म्हणू शकले असते. माझी अब्रू राहिली असती. पण मग तो वकील म्हणाला असता, बघा, माझा मुद्दा ऐकल्यावर बाई शब्द फिरवते. आणि ती पुन्हा त्या गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली असती, माझ्यामुळे.  मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. साक्षीदारानं पहिल्यापासून वेगळा शब्द सांगितला होता. मी तो बदलला."

सगळं कोर्ट माझ्याकडे बघायला लागलं. वकिलानं हरकत घेतली. साहेबांनी त्याला हातानं बसवलं आणि चष्म्यावरून मला विचारलं, "मग मूळ शब्द कोणता? पूर्ण वाक्य सांगा."

मी तिच्याकडे वळले. या वेळी खरंच तिच्याकडे बघितलं. पिंजऱ्याच्या दांडीवर तिची बोटं होती, अंगठ्याच्या नखाखाली माती, मनगटावर दोनच काचेच्या बांगड्या. कोण म्हणालं? सासू. कोणाला? हिला, ही समोर उभी आहे तिला. कुठं? घरात, जावांच्या देखत. कितीदा? रोज, सहा वर्षं. ते बारसं परत आलं. आलं तसं येऊ दिलं. ते एका कडेला उभं राहिलं आणि मी बोलले, "नन्ग दिन्ना बंजी अंतिद्रु." रोज मला वांझ म्हणायची. शब्द पुरा निघाला. टायपिस्टनं तो टाइप केला. त्या बटणांचा आवाज मला अजून आठवतो.

पहिल्या वेळी मी माझ्याकडे बघत होते, एवढीच चूक.

"का बदलला होता?" साहेबांनी विचारलं.

"कानाला लागला, साहेब."

साहेबांनी टायपिस्टला हातानं थांबवलं. मग म्हणाले, "पुन्हा असं झालं तर आधी थांबा, पाणी प्या, पण बदलू नका," आणि चूक दुभाष्याची होती हे त्यांनी नोंदवून घेतलं. पुढे काही महिन्यांनी नवऱ्याचा अर्ज फेटाळला गेला. ती मुलगी परत गेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हतं आणि मी फार वाईट अवस्थेत कोर्टातून बाहेर पडले.

बाहेर पडले ती तडक माळमड्डीला. बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी संतापले. प्रेत, साप, सटवी, कावीळ, असले शंभर शब्द माझ्यावर टाकले या दोघांनी. रांडसुद्धा सोडला नाही. पण इतक्या रविवारांत वांझ हा एक शब्द एकदाही नाही. बाळही नाही, बारसंही नाही. मला मूल नाही म्हणून यांनी माझी कीव केली होती. आणि त्या कीवेपायी एक परकी मुलगी आज फुकट गेली असती.

दुपारची वेळ होती. अण्णा आत झोपले होते. वहिनी पडवीत ताटात तांदूळ घेऊन खडे काढत बसल्या होत्या. मी चपला काढायच्या आधीच सुरुवात केली. कोर्टात काय झालं ते सांगितलं, आणि वर जे मनात होतं तेही. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं मला जपायला? मी काय काचेची आहे? शिकवायचं तर सगळं शिकवायचं होतं. दया कोणी मागितली होती तुमच्याकडे?" असलं बरंच काही. मी मोठ्या माणसांशी असं बोलायला नको होतं. आज आठवलं तरी लाज वाटते.

वहिनी ऐकत होत्या.  माझं संपल्यावर त्यांनी ताट खाली ठेवलं.

"तुला नव्हतो गं जपत," त्या म्हणाल्या. "मी मलाच जपत होते. लग्नानंतर आठव्या वर्षी यांच्या आत्याबाईंनी ओटी भरायच्या वेळी मला तसं म्हटलं होतं. घरी आल्यावर मी यांना म्हटलं, तो शब्द ह्या घरात यायला नको. कुणाच्याच तोंडून. यांनी आजवर पाळलं ते. तुझ्या खेळातसुद्धा यांनी एकदा विचारलं होतं, तो घ्यायचा का, तिला लागेल पुढं. मी नको म्हटलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. त्या घरातही मूल नव्हतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? दर रविवारी बघत होते. पण माझ्या दुःखाच्या पलीकडे आणखी कोणाचं दुःख असेल, हे इतक्या रविवारांत माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"सगळ्यांसमोर म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"'मी' म्हणून?"

"हो वैनी. तसंच म्हणावं लागतं."

त्या तांदळात बोट फिरवत राहिल्या. "कसं म्हणालीस? म्हण बघू," म्हणाल्या. मी कन्नडमध्ये म्हटलं. त्यांनी मान हलवली. "असं नको. मराठीत."

मला नको वाटत होतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, अगदी लक्ष देऊन, कमी ऐकू येणाऱ्या माणसासारख्या. मी म्हटलं, "रोज मला वांझ म्हणायची."

आतून अण्णांच्या खोकण्याचा आवाज आला. वहिनी दचकल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य ओठांत घोळवलं आणि मग मोठ्यानं, स्वतःच्या तोंडानं म्हटलं, "मला वांझ म्हणाल्या होत्या." थोडं थांबून म्हणाल्या, "एवढाच की गं तो शब्द," आणि रडायला लागल्या. मी त्यांचा हात धरून तिथंच बसून राहिले.